वर्गणी की हप्ता?

न्यूझीलंडच्या नागरिकांनी १९७४ पासून अपघाताच्या भरपाईसाठी दावा लावण्याचा हक्क सोडला. बदल्यात, चूक कोणाची हे न विचारता प्रत्येक जखमीचा भार समाजाने उचलावा, असे ठरले. वुडहाउस आयोगाच्या १९६७ च्या अहवालातील सामूहिक जबाबदारीचे तत्त्व त्यामागे होते. नोव्हेंबर २००९ मध्ये हजारो मोटारसायकलस्वार वेलिंग्टनच्या संसदेवर गेले, ते याच कराराची आठवण करून देण्यासाठी, असे आम्ही मानतो. ६०० सीसीवरील गाड्यांची वार्षिक आकारणी सुमारे २५२ डॉलरवरून ७४५ वर नेण्याचा प्रस्ताव होता. दुचाकीस्वारांचा खर्च मोटारवाल्यांनी का सोसावा, हा सरकारचा प्रश्न वरवर रास्त वाटतो. पण भरपाई देताना चूक विचारायची नाही आणि पैसे घेताना मात्र गटागटाचा धोका मोजायचा, ही विसंगती आहे. मोटारीने उडवलेला स्वारही या हिशेबात ‘महाग’ ठरतो. असा हिशेब रुळला की वर्गणीचा हप्ता होतो आणि हप्त्याला गिऱ्हाईक म्हणून खाजगी कंपनी उभीच असते. कामावरील अपघातांचा विमा १९९९ मध्ये असा खुला झाला होता. नव्या सरकारने २००० मध्ये तो परत घेतला. खाजगीकरण कायद्यात येण्याआधी भाषेत येते, म्हणून ‘वर्गणी’ हा शब्द जपायला हवा.