जरा चांभारचौकशा करा

मागच्या दिवाळीआधी पुण्यात एका दुकानात मी कोल्हापुरी घेत होते. तळवा उलटा करून बघितला, कडेची शिवण नखाने खरवडली, वास घेतला आणि विचारलं, "चामडं कुठलं? बनवली कोणी?" सोबतची मैत्रीण वैतागली. "अगं, किती चांभारचौकशा! कुर्त्यावर शोभतेय ना? मग घे की." दुकानदार हसला. मीही हसले. रिक्षात बसल्यावर मात्र तो शब्द डोक्यातून जाईना.

नको तिथे खोदून खोदून विचारणं म्हणजे चांभारचौकशा. ज्यांच्या हातची चप्पल घ्यायला आम्ही आलो होतो, त्यांच्याच जातीचं नाव त्याच दुकानात आम्ही टोमण्यासारखं वापरलं. आणि तिथे ते कोणालाच खटकलं नाही. मलाही नाही.

कोल्हापुरी सध्या जोरात आहे. रील उघडा: मॉम जीन्सवर कोल्हापुरी, लिननच्या पँटवर कोल्हापुरी, खणाच्या ड्रेसवर गोंड्याची कोल्हापुरी. माझी काही तक्रार नाही. ती शोभते. टाचेचा त्रास नाही, दिवसभर लोकल आणि मेट्रोची धावपळ करता येते. तक्रार आहे ती रील जिथे संपतं त्याबद्दल. कशावर घालायची हे सगळे सांगतात. कोणाकडून घ्यायची हे कोणीच सांगत नाही.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने पुरुषांच्या पायात थेट कोल्हापुरीसारख्या चपला घातल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे पेटलो होतो. स्टोऱ्या टाकल्या, 'आमचा वारसा चोरला' म्हणालो. त्या रागाचा उपयोगही झाला. कंपनीला प्रेरणा भारतीय कारागिरांची आहे हे मान्य करावं लागलं, आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून इथल्या कारागिरांकडून चपला बनवून घ्यायचं तिने जाहीर केलं.

छान. आता तोच प्रश्न स्वतःला विचारू. ती स्टोरी टाकताना आपल्या पायात काय होतं? बहुतेकींच्या पायात तीनशे रुपयांचे 'कोल्हापुरी स्टाइल फ्लॅट्स' होते. वर रेक्झिन, खाली फोम, मध्ये गोंद. माझ्याही होते. पहिल्याच पावसात पट्टा तळव्यापासून सुटला आणि मी स्टेशनवरून अनवाणी घरी आले. 2019 मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा त्या नावावर हक्क आहे. 'स्टाइल' हा शब्द म्हणजे त्या हक्काला वळसा घालायची पळवाट. प्राडाने नाव न घेता वस्तू घेतली. आपण वस्तू न घेता नाव घेतो. कारागिराच्या हातात दोन्हीकडून काहीच पडत नाही.

खऱ्या कोल्हापुरीमागे किती काम असतं बघा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावायचं, त्यात आठवडे जातात. तळव्याला म्हशीचं जाड कातडं. ते कापायचं, भिजवायचं, ठोकायचं, मग कान, अंगठा आणि पट्टा जोडायचा. अस्सल चपलेत खिळा नसतो, शिवण चामड्याच्याच वादीची. वर ती बारीक वेणी. या वेणीत आणि शिवणकामात घरातल्या बायकांचा मोठा वाटा असतो. रीलमध्ये आपण ज्या वेणीवर कॅमेरा नेतो, ती बहुतेकदा एखाद्या बाईने घातलेली असते.

"शॉपिंगमध्ये जात कशाला आणता?" असं कोणीतरी म्हणेलच. मी आणत नाही, ती आधीपासून तिथेच आहे. कातडं कमावणारे ढोर, चप्पल शिवणारे चर्मकार, हे आपल्या समाजाने ठरवून दिलेलं काम. 2015 पासून महाराष्ट्रात गाईसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, आणि चामड्याच्या धंद्याला त्याची झळ बसली. 2016 मध्ये गुजरातमधल्या उना इथे मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या दलित तरुणांना भर रस्त्यात मारलं. म्हणजे आपल्याला चप्पल हवी, पण कातडं आणि ते सोलणारा हात डोळ्यांसमोर नको.

मुलींना तर हे आधी कळायला हवं. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण आपल्याकडे दोघांना ऐकवली जाते: वर मान करणाऱ्या सुनेला आणि वर मान करणाऱ्या दलिताला. बाराव्या शतकातली एक कथा याच्या अगदी उलट आहे. कल्याणच्या हरळय्या नावाच्या चर्मकाराने आणि त्याच्या बायकोने स्वतःच्या मांडीच्या कातड्याच्या चपला करून बसवण्णांना दिल्या. बसवण्णांनी त्या पायात घातल्या नाहीत, डोक्यावर घेतल्या. पुढे हरळय्याच्या मुलाचं लग्न ब्राह्मण घरातून आलेल्या मधुवरसाच्या मुलीशी झालं, आणि त्यापायी दोन्ही बापांना देहदंड झाला. चपलेला डोक्यावर घेणं तेव्हा परवडलं, माणसाला बरोबरीला घेणं नाही. आपण आजही तिथेच उभे आहोत.

"पण खरी महाग पडते, आम्ही विद्यार्थी आहोत." मान्य. पैसे नसतील तर रेक्झिनची बिनधास्त घाला, त्यात लाज कसली? फक्त तिला कोल्हापुरी म्हणू नका आणि 'वारसा' लिहून फोटो टाकू नका. आणि खरी घ्यायला जाल तेव्हा आठशे सांगितले की चारशेवर येऊ नका. मॉलमध्ये करता का घासाघीस?

घेताना कड बघा. चामड्याचे थर दिसले पाहिजेत. रेक्झिन असेल तर कडेला आतलं कापड डोकावतं. तळव्याला वादीची शिवण आहे का ते बघा. सुरुवातीला थोडी घट्ट घ्या, पट्ट्याला तेलाचं बोट लावून घरात रोज तासभर घाला, हळूहळू पायाचा आकार घेते. पावसात नको. आणि दुकानदाराला विचारा: कुठल्या गावची, कोणी शिवली, शिवणाऱ्याला किती मिळाले? उत्तर आलं तर फोटोखाली ब्रँडच्या जागी त्या गावाचं नाव लिहा.

कोणी म्हणालं, 'किती चांभारचौकशा', तर त्यांना सांगा की हा शब्द टोमणा म्हणून वापरणं बंद करा. चौकशी मात्र चालूच ठेवा.