डिस्क गेली म्हणून लॅपटॉप गेला का?

विद्यार्थी मित्रांनो, सायकलचे पंक्चर कसे काढावे, उडालेला फ्यूज कसा बांधावा, हे तुमच्यापैकी पुष्कळांना येते. पण लॅपटॉपची हार्ड डिस्क बिघडली की 'संगणक गेला' असे म्हणून तो कपाटावर ठेवला जातो आणि घरातील मंडळी नव्याची किंमत विचारू लागतात. डिस्क बदलून तीवर कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, पुन्हा बसवणे हे काम आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना खचित जमण्याजोगे आहे. ते शाळेच्या प्रयोगशाळेतच शिकवले जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम बिघडते काय ते पाहू. हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या असतात. लॅपटॉपमधील तबकडी सामान्यतः मिनिटाला ५४००, म्हणजे सेकंदाला ९० फेरे घेते आणि वाचनशीर्ष तिच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. हवेतील साधा धूलिकणही या अंतराच्या शेकडो पट मोठा असतो. एखादा धक्का किंवा वर्षानुवर्षांची झीज, आणि तबकडीचे काही भाग वाचता येईनासे होतात. मग संगणक रेंगाळतो, फायली उघडत नाहीत, कधी आतून टक्-टक् असा आवाज येतो. खराब भाग टाकून राखीव भाग किती वेळा वापरावे लागले, याची नोंद डिस्क स्वतःच ठेवते. मोफत मिळणाऱ्या लहानशा प्रोग्रॅमने ती वाचता येते. हा आकडा दिवसेंदिवस वाढत असेल, तर डिस्क बदलण्याची वेळ आली असे समजावे.

नेमक्या याच वेळी अनेकजण चुकीचा उपाय करतात. संगणक मंद झाला म्हणून त्याच दुखऱ्या डिस्कवर कार्यप्रणाली नव्याने बसवतात. हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! झिजलेली तबकडी त्याने सुधारत तर नाहीच, उलट जुन्या माहितीवर नवी माहिती लिहिली जाऊन घरचे फोटो, आजोबांचा आवाज, दहावीचा प्रकल्प परत मिळवण्याची उरलीसुरली संधीही जाते. म्हणून क्रम पाठच करून ठेवा: आधी माहितीची प्रत, मग डिस्क, शेवटी कार्यप्रणाली.

आता नवी डिस्क बसवली आणि कळ दाबली. पडद्यावर अक्षरे उमटतात, पण संगणक पुढे जात नाही. असे का? सुरुवातीचा छोटासा प्रोग्रॅम मुख्य पट्टीवरील चिपमध्ये असतो. तो जागा होतो, यंत्राचे भाग तपासतो आणि कार्यप्रणाली शोधतो. डिस्क तर कोऱ्या पाटीसारखी! तेव्हा दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्ह तयार करून घ्यावा लागतो. उतरवून घेतलेली फाईल अस्सल आहे की नाही, हे तिच्या ६४ चिन्हांच्या 'ठशा'वरून तपासता येते. फाईलमधील एक बिट जरी बदलला, तरी हा ठसा पार बदलतो. मग डिस्कचे विभाग पाडणे, त्यांवर फायलींची व्यवस्था आखणे, कार्यप्रणालीच्या फायली उतरवणे आणि ती सुरू करून देणारा प्रोग्रॅम बसवणे अशी पावले येतात. संगणकाचे भाग पुस्तकातून पाठ करणाऱ्याला जे वर्षभरात उमगत नाही, ते येथे एका दुपारी उमगते.

नवी डिस्क अर्धवाहकाची, म्हणजे एस.एस.डी., घ्यावी. फिरत्या तबकडीवरील हवा तो भाग शीर्षाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ५.६ मिलिसेकंद लागतात. एस.एस.डी.त फिरणारे काही नसल्याने हे थांबणेच नाही. जुना लॅपटॉप त्यामुळे पुष्कळ चपळ होतो.

कार्यप्रणाली कोणती बसवावी? विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ साठी लागणारी सुरक्षा-चिप अनेक जुन्या यंत्रांत नाही. अशा यंत्रांसाठी लिनक्स हा उत्तम पर्याय आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली त्याची सुरुवात केली. ते मोफत मिळते. केरळ राज्यातील शाळांत ते अनेक वर्षे वापरात आहे, आणि तेथे २०१८ साली सुरू झालेल्या 'लिटल काइट्स' या विद्यार्थी-मंडळांत मुले संगणकाचे सुटे भागही हाताळायला शिकतात. मग आपल्या शाळांनी मागे का राहावे?

'मुले यंत्र मोडतील' ही शिक्षकांची शंका रास्त आहे. त्यावर उपाय सोपा आहे. पहिला प्रयोग अडगळीतल्या, कुणाच्या कामाची माहिती नसलेल्या लॅपटॉपवर करावा. वीजजोडणी काढावी, बॅटरी वेगळी करावी, अंगावरील स्थिर विद्युत जावी म्हणून आधी एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावावा. हार्ड डिस्कचे बंद कवच मात्र कधीही उघडू नये. काही नव्या लॅपटॉपांत डिस्क मुख्य पट्टीवरच डाखलेली असते. तेथे हा प्रयोग चालणार नाही, हेही ध्यानात असू द्या.

मित्रांनो, डिस्क बाजारात विकत मिळते, कार्यप्रणाली फुकटही मिळते. पण तीवर साठवलेली आपली माहिती कोणत्याही दुकानात मिळत नाही. तेव्हा हे वाचून झाल्यावर एक काम जरूर करा. घरच्या संगणकातील महत्त्वाच्या गोष्टींची दुसरी प्रत कोठे आहे, ते शोधा. ती नसेल, तर आजच करून ठेवा. डिस्क बिघडण्याची तारीख आधी सांगून येत नाही.