माळ्यावरची किटली

पुण्याकडे जाताना कर्जतला घाटासाठी मागून इंजिन लागेपर्यंत चहा व्हायचाच, आणि तो कढत हवा असायचा. दिवाळीत कर्जत-खालापूरकडच्या घरी पाहुणे जमले, की मागणी तीच. मग गृहिणीला माळ्यावरची तांब्याची किटली आठवते. चहा ओतून निखाऱ्यांवर ठेवली, की झाले!

पण जरा थांबावे. जपानी गृहिणीही बिडाची ‘तेत्सुबिन’ निखाऱ्यांवर ठेवी, पण तीत नुसते पाणी. चहा निराळ्या भांड्यात. कारण चहातले टॅनिन लोखंडाला लागले, की चहा काळा पडतो. आपल्या तांब्या-पितळेत तो कळकतो आणि पोटाला बाधतो.

यावर उतारा कल्हईचा. कल्हईचे कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळते, पाणी १०० अंशांना उकळते. म्हणून किटली भरलेली असेतो कल्हई शाबूत; रिकामी तापली, की गेलीच. आत तांबूस डाग दिसला, तर तीत चहा ठेवू नये.

कल्हईवाला आता दारावर क्वचितच येतो, म्हणून किटली मोडीत मात्र घालू नये. पत्ता काढून त्याला गाठावे. नवी किटली बाजारात केव्हाही मिळेल. आजेसासूबाईंच्या हातची मिळायची नाही.