गोळी लागू पडली, पण कशावर?

औषधाने बरे वाटले म्हणजे रोगाचे कारण कळले, असे आपण सहज धरून चालतो. सायनसच्या दुखण्यात हा तर्क हमखास फसतो.

सातारा-सांगलीकडे हिवाळ्यात गुऱ्हाळांचा धूर, शेतात पेटवलेले पाचट, हळदीच्या बाजारातली धूळ. नाक चोंदते, कपाळ जड होते. मग दुकानातून ॲझिथ्रोमायसीनच्या तीन गोळ्या येतात आणि जरा मोकळे वाटले, की ‘जंतू मेले’ असा निकाल लागतो! साधी सर्दी आठवड्याभरात आपणहून उतरते, हे कोणी हिशेबात धरत नाही.

याहून मौजेची शक्यता दुसरीच आहे. बारा आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या जुनाट सायनसमध्ये पुष्कळदा मुख्य दोष असतो तो हाडांतील पोकळ्यांच्या अस्तराला आलेल्या सुजेचा, म्हणजे दाहाचा. आणि ॲझिथ्रोमायसीन ज्या मॅक्रोलाइड कुळातले आहे, त्यातील काही औषधे दाहही शमवतात.

हे ध्यानात आले जपानमध्ये. तेथे फुप्फुसांच्या सूक्ष्म नलिकांचा एक चिवट रोग आढळतो. त्याच्या बहुतेक रोग्यांना जुनाट सायनसही असतो. १९८०च्या दशकात डॉ. शोजी कुडो यांनी अशा रोग्यांना एरिथ्रोमायसीन अल्प मात्रेत, पण महिनोन्‌महिने दिले. १९७०च्या दशकात पाच वर्षे जगणारे रोगी शेकडा सुमारे ६३ होते; १९८५नंतर ते ९१ झाले. गंमत अशी, की ज्या स्यूडोमोनास जंतूला एरिथ्रोमायसीन मारूच शकत नाही, तो कफात असलेले रोगीही सुधारले! मग गुण आला कशाने? पांढऱ्या पेशींना सुजेच्या जागी बोलावणारे रासायनिक निरोप हे औषध कमी करते आणि चिकट स्रावही घटवते, असे पुढे दिसून आले.

म्हणून जुनाट सायनसला मॅक्रोलाइड द्यावे काय? २००६ साली ऑस्ट्रेलियातील चाचणीत रॉक्सिथ्रोमायसीनचा थोडा लाभ दिसला. २०११ सालच्या एका चाचणीत मात्र ॲझिथ्रोमायसीन आणि औषध नसलेली नकली गोळी यांत फरक पडला नाही. तेव्हा हा उपाय निवडक रोग्यांपुरता, आणि तोही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. मिठाच्या पाण्याने नाक धुणे व नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा यांचा मान पहिला.

माझा आक्षेप गोळीला नाही, ती चिठ्ठीवाचून घेण्याला आहे. सौम्य दाहशामक म्हणून घेतली, तरी ती वाटेत भेटणाऱ्या जंतूंना प्रतिकार शिकवतच जाते. आपल्याकडील विषमज्वराचे जंतू कित्येक जुन्या औषधांना दाद देईनासे झाले आहेत. त्यांच्यावर तोंडाने घेता येणारी जी थोडी औषधे अजून चालतात, त्यांत हेच ॲझिथ्रोमायसीन आहे.