इटलीचे सूर आणि वसईचे कान

गाणे चांगले की वाईट हे ठरविण्याची एक सोपी रीत अलीकडे आपण सर्वांनीच पत्करली आहे. ते किती जणांनी ऐकले, एवढेच पाहायचे. आकडा लाखात असला तर गाणे उत्तम. शेकड्यात असला तर पुढे चला! या हिशेबात नव्याने उभ्या राहणाऱ्या, अजून चाचपडत असलेल्या बँडला थारा कुठून मिळणार? त्यातून तो परक्या भाषेत गात असला, तर ‘शब्दच कळत नाहीत, ऐकायचे काय?’ हा प्रश्न ठरलेला. या वृत्तीला माझा विरोध आहे. नवा बँड आधी श्रोत्यांच्या कानात घडतो, असे माझे मत आहे; आणि ते मांडण्यासाठी मी वाचकांना जरा दूर, इटलीत नेणार आहे.

१९६९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ नावाचा प्रकार जोर धरू लागला. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून वीस-वीस मिनिटांच्या रचना करायच्या, गिटार-ड्रम्सच्या जोडीला बासरी, व्हायोलिन, ऑर्गन आणि सिंथेसायझर घ्यायचे, एकाच रचनेत लय आणि भाव बदलत न्यायचे, असा त्याचा थाट. व्हॅन डर ग्राफ जनरेटर या इंग्रज बँडची ‘पॉन हार्ट्स’ ही तबकडी १९७१ साली निघाली. मायदेशी तिला कोणी फारसे विचारले नाही. पण १९७२ साली इटलीत ती विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली! शब्द कळोत न कळोत, ऑपेराच्या देशातल्या कानांना लांब आणि नाट्यमय रचनेचे भय वाटले नाही. अशा श्रोत्यांमधूनच इटलीचे स्वतःचे बँड उभे राहिले.

त्यांची नावेही मोठी मजेदार. मिलानच्या एका बँडचे नाव ‘प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी’, म्हणजे ‘पारितोषिकप्राप्त मार्कोनी बेकरी’. रोमच्या दुसऱ्याचे नाव ‘बांको देल मूतुओ सोक्कोर्सो’, अर्थात ‘परस्पर साहाय्यक पतपेढी’. १९७२ साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या तबकडीचे वेष्टनही मातीच्या गल्ल्याच्या आकाराचे होते. बेकऱ्या आणि पतपेढ्या यांची वसईत वाण नाही, तेव्हा ही नावे आपल्याला मुळीच परकी वाटू नयेत! गमतीचा भाग सोडला तरी यात एक ठाम भूमिका दिसते. आपल्या गल्लीतली पाटी आपल्या बँडवर लावायला या मुलांना लाज वाटली नाही.

पुढे मात्र भाषेचा प्रश्न आलाच. ‘मार्कोनी बेकरी’ला इंग्लंडमधून बोलावणे आले, आणि १९७३ साली ‘फोटोज ऑफ घोस्ट्स’ ही तबकडी बाहेर पडली. किंग क्रिम्सनसाठी गीते लिहिणाऱ्या पीट सिनफील्डने तिच्यासाठी इंग्रजी शब्द लिहिले. कीर्ती मिळाली, अमेरिकेचे दौरे झाले. पण पुष्कळ रसिक आजही मूळ इटालियन रचनांकडेच वळतात, कारण त्या चालींचा श्वास त्या भाषेचा आहे.

दुसऱ्या काहींनी उलटी वाट धरली. नेपल्सच्या ‘नापोली चेंत्राले’ या बँडने १९७५ साली जॅझ-रॉकची जोड देऊन शेतमजुरांचे जिणे गायिले, तेही नेपल्सच्या बोलीत. १९८४ साली जेनोआचा गायक-कवी फाब्रित्सिओ दे आंद्रे याने ‘मार्कोनी बेकरी’तून बाहेर पडलेल्या माउरो पागानीला साथीला घेतले आणि ‘क्रेउझा दे मा’ ही तबकडी काढली. ऊद, साझ, बुझुकी अशी भूमध्य समुद्राकाठची वाद्ये, आणि शब्द सारे जेनोआच्या खलाशांच्या बोलीतले. ही बोली बहुसंख्य इटालियनांनाही कळत नाही. तरीही आधुनिक इटालियन संगीतातली एक श्रेष्ठ कृती म्हणून आज तिचा गौरव होतो.

आता आपल्या वसईकडे येऊ. १५३४ ते १७३९ अशी दोन शतके इथे पोर्तुगीजांचा अंमल होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६० च्या दशकापर्यंत, इथल्या चर्चमध्ये मिस्सा लॅटिन भाषेत होत असे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने ती गायनेही शब्द न कळता तल्लीन होऊन म्हटली. लॅटिनची लेक जी इटालियन, ती नातवंडांना परकी वाटावी हे नवलच! तीच उपासना मराठीत आली तेव्हा पाश्चात्त्य स्वरमेळ आणि मराठी शब्द एकत्र नांदू लागले. शेजारी भजनी मंडळांचा पखवाज आहे, कोळीवाड्यातली गाणी आहेत, लग्नातला ब्रास बँड आहे. आणि थोडे पूर्वेला गेले की दुधी भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानाचा तारपा आहे. बोली म्हणाल तर कादोडी, वाडवळी, कोळी! इतके सामान एका तालुक्यात असताना आपल्या गॅदरिंगला मात्र तयार ट्रॅकवर तीच हिंदी गाणी वाजतात. कादोडी घराच्या ओट्यावर राहते. तिला स्टेजवर आणायचे कोणाच्या मनातही येत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, इलेक्ट्रिक गिटार आली की मराठी संगीताचा आत्मा हरवेल. ज्या पेटीवाचून आपले भजन उभे राहत नाही, ती पेटीही एकोणिसाव्या शतकात युरोपातून आली. वाद्य कुठून आले यापेक्षा त्यावर काय वाजते याला महत्त्व आहे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. फ्युजन म्हणजे पुष्कळदा नुसती भेळ असते, हे मलाही मान्य आहे. पण मेहनत घेतली तर काय होऊ शकते हे ‘शक्ती’ने दाखवून दिले. जॉन मॅक्लॉफलिन हा इंग्रज गिटारवादक आधी वीणा शिकला. मग त्याने आपल्या गिटारीला तरफांसारख्या जादा तारा बसवून घेतल्या आणि माहीमचे झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर व घटमवादक विक्कू विनायकराम यांच्या बरोबरीने तो बसला. १९७० च्या दशकातल्या या मेळाला २०२४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले, तोवर जवळजवळ अर्धे शतक लोटले होते. पारितोषिकाची वाट पाहत बसणारा श्रोता किती उशिरा पोचतो, हे यावरून ध्यानात यावे.

मराठीतही हे घडू लागले आहे. मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’ या तरुणांच्या बँडने संतांचे अभंग बेस गिटार आणि ड्रम्सच्या साथीने गायला घेतले, आणि एरवी अभंगाच्या वाटेला न जाणारी मुले ते ऐकू लागली. विरार लोकलने तासा-दीड तासाच्या अंतरावर हे होते, मग आपल्याकडे का होऊ नये?

यासाठी फार पैसा लागत नाही. दर शनिवारी एका रिकाम्या वर्गात तासभर जमावे. एक अनोळखी रचना निवडावी. ती इटलीची असो, गोव्याची असो वा जव्हारची असो. ती एकदा नव्हे, तीनदा ऐकावी. पहिल्यांदा फक्त नवखेपणा जाणवतो, दुसऱ्यांदा रचना दिसते, तिसऱ्यांदा आपले मत बनते. आणि गॅदरिंगमध्ये अर्धा तास फक्त स्वतः रचलेल्या गाण्यांसाठी राखून ठेवावा. ती गाणी कच्ची असतील, एखादी तार बेसूर लागेल, कादोडीतला एखादा शब्द कोणाला कळणार नाही. तरीही खुर्च्या सोडून कोणी उठू नये, एवढीच माझी विद्यार्थिमित्रांना आणि प्राध्यापकांना विनंती आहे.