तारखेचा माल आणि तारखेचा धोका

डबी तांब्याची, दोन-अडीच इंचांची. वर रंगीत मिना, झाकणावर एखादे साल, नाहीतर राजघराण्यातला लग्नसोहळा. आत दोन अंगठ्या मावतील एवढीच जागा. तरीही इंग्लंडचे शौकीन गिऱ्हाईक अशा डबीसाठी चांगले पैसे मोजते. धातुकाम करणाऱ्या आपल्या बांधवांनी या धंद्याचा हिशेब समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

धंदा अठराव्या शतकातला. बर्मिंगहॅमजवळच्या बिल्स्टन गावात व आसपास या डब्या होत. कुणी त्यात तपकीर ठेवी, तर शौकीन बायका चेहऱ्यावर चिकटवायच्या काळ्या टिकल्या. टिकल्यांच्या डबीला झाकणाच्या आत आरसाही असे. बाथसारख्या गावी हवापालटाला गेलेला माणूस गावाचे नाव लिहिलेली डबी आठवण म्हणून घरी आणी.

लंडनच्या बॅटरसी भागात १७५३ साली असाच एक कारखाना निघाला. त्याच्या मालकांपैकी स्टीफन जान्सेन हे तर पुढे लंडनचे लॉर्ड मेयर झाले. पण १७५६ मध्ये दिवाळे वाजले! कारखाना जेमतेम तीन वर्षे चालला, नाव मात्र असे गाजले की बिल्स्टनच्या डब्यांनाही लोक 'बॅटरसी'च म्हणू लागले. माल एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, हे दुखणे आपल्या कारागिरांना नव्याने सांगायला नको.

काम चिकाटीचे आहे. तांब्याच्या पत्र्यावर आधी पांढऱ्या मिन्याचा थर देऊन भाजतात. त्यावर चित्राची रेघ छापून उतरवतात आणि हाताने रंग भरतात. प्रत्येक रंगाला आच वेगळी, म्हणून नग पुन्हा पुन्हा भट्टीत जातो. एका चुकीच्या आचेने आधीची सारी मेहनत पाण्यात. एकोणिसाव्या शतकात हा हुन्नर बुडाला. १९७० मध्ये लंडनच्या 'हॅल्सियन डेज' या दुकानाने बिल्स्टनच्या कारागिरांना हाताशी धरून तो पुन्हा उभा केला.

खरी हुशारी त्यांनी विक्रीत दाखवली. डबीवर साल घातले की गेल्या वर्षीची डबी घेतलेला माणूस यंदाचीही मागतो. एकच गिऱ्हाईक दरवर्षी दारात!

पण हीच तारीख व्यापाऱ्याच्या गळ्यातही पडते. साध्या डबीला पुढच्या वर्षीही गिऱ्हाईक मिळते. २००० सालाची डबी २००१ च्या जानेवारीत फळीवर उरली, तर ती निम्म्या भावात काढायची. म्हणून असा माल हात आखडून, मागणी पाहूनच करावा. आणि 'पाचशेच नग काढू' असे म्हटले, तर पाचशेएकावा काढू नये, कितीही मोठी ऑर्डर येवो. घेणारा तांब्याचे नव्हे, त्या शब्दाचे पैसे देतो.

काही विक्रेते असा माल 'पुढे भाव दुप्पट होईल' म्हणून गळ्यात मारतात. हे आम्हाला अजिबात पटत नाही. जुन्या बाजारात अशा कित्येक वस्तूंना मूळ किंमतही मिळत नाही. आवड म्हणून विका, गुंतवणूक म्हणून नको.

आपल्याकडे जयपूर आणि वाराणसीला मिनाकारीचा हुन्नर आहेच. तिथला माल आपल्या दुकानात ठेवणाऱ्यांनी एवढे तरी करावे: डबीच्या तळाला साल, नगाचा क्रमांक आणि कारागिराचे नाव घालून मागावे. मजुरीत फारसा फरक पडणार नाही.