जगला तो शहाणा?

पुस्तक मिटताच मुलांकडून त्याचे तात्पर्य वदवून घेण्याची आपल्या मराठी घरांत मोठी हौस. बागबाजारातील आमच्या वाचनबैठकीत परवा तेच घडले. पुस्तक होते उरी ऑर्लेव्ह यांची मुलांसाठी लिहिलेली हिब्रू कादंबरी. १९८१ ची, आणि इंग्रजीत ‘द आयलंड ऑन बर्ड स्ट्रीट’ या नावाने आलेली. नाझींनी रिकाम्या केलेल्या ज्यू वस्तीत अकरा वर्षांचा अ‍ॅलेक्स पडक्या घरात लपून, वडिलांची वाट पाहत कित्येक महिने तग धरतो. वडीलधाऱ्यांनी निकाल दिला : धैर्य, योजकता आणि स्वावलंबन असले की माणूस कोणत्याही संकटातून तरतो.

या तात्पर्याला आमचा स्वच्छ विरोध आहे. जगला तो शहाणा, असे एकदा ठरले की मेला तो कोठेतरी चुकला, हेही आपोआप ठरते. मग त्या संहारात मारली गेलेली सुमारे १५ लाख ज्यू मुले काय बुद्धीने उणी होती? ऑर्लेव्ह स्वतः बालपणी बेर्गेन-बेल्सेनच्या छावणीत धाडले गेले आणि वाचले. अ‍ॅन फ्रँक त्याच छावणीत १९४५ साली मरण पावली. या दोघांत गुणांचा फरक कोणी दाखवावा?

वॉर्साच्या ज्यू वस्तीत अनाथ मुलांचा सांभाळ करणारे डॉक्टर यानुश कोर्चाक यांनी जुलै १९४२ मध्ये मुलांकडून रवीन्द्रनाथांचे ‘डाकघर’ करवून घेतले. पुढच्याच महिन्यात मुलांना ट्रेब्लिंकाला नेण्यात आले, तेव्हा स्वतःच्या सुटकेची वाट नाकारून तेही बरोबर गेले. आमच्या तात्पर्यकारांच्या परीक्षेत कोर्चाक नापासच म्हणायचे!

मुलांना निराशा शिकवावी काय, असे कोणी विचारील. मुळीच नव्हे, प्रश्न तेवढा बदलावा. अ‍ॅलेक्ससुद्धा एकट्याच्या हिकमतीवर जगत नाही. त्याला इतरांचा हात मिळतो. म्हणून ‘तू कसा वाचला असतास?’ असे न विचारता ‘तुझ्या दारावर थाप पडली असती, तर तू कडी काढली असतीस काय?’ असे विचारावे.

बागबाजारात हा प्रश्न आपल्याला अधिकच झोंबावा. येथल्या एका गल्लीचे नावच मराठा डिच लेन. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने १७४२ साली कलकत्तेकरांनी खणलेल्या खंदकाची ती खूण. बंगाली अंगाईत मुलांना ज्याची भीती घालतात तो ‘बर्गी’ आपल्याच मुलखातून आलेला. त्या स्वाऱ्यांची नाझी संहाराशी बरोबरी करणे सर्वथा चूक. परंतु प्रत्येक गोष्टीत आपली जागा लपलेल्या मुलाचीच असते, हा भ्रम तरी त्याने फिटावा.

शिवाय आपण सरकारी माणसे. तो संहार याद्यांनी, शिक्क्यांनी आणि ठरल्या वेळी सुटणाऱ्या गाड्यांनी पार पडला. ती कामे करणारे पुष्कळसे वक्तशीर, कुटुंबवत्सल नोकरच होते. उलट, १९४० साली लिथुएनियातील कौनास येथे चिऊने सुगिहारा या जपानी अधिकाऱ्याने वरिष्ठांची आज्ञा डावलून दोन हजारांवर व्हिसा लिहून दिले. तोही नोकरच होता. त्याच्याही हाती लेखणी आणि शिक्काच होता.

मुलांना तात्पर्य द्यायचेच असेल तर हे द्यावे. मात्र देण्यापूर्वी आपल्या टेबलावर आलेल्या कागदामागे कोणाचे दार आहे, हे आपण कधी पाहिले काय, याचा जबाब प्रथम स्वतःकडून घ्यावा.